जप्त केलेला वेताळ

माझ्या पुस्तकांच्या कपाटात वरच्या खणात राजकारणाची पुस्तकं आहेत आणि सगळ्यात खालच्या खणात, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, कॉमिक्स. घरी येणाऱ्या माणसाला वरचा खण दिसतो. नरहर कुरुंदकर, यशवंतराव चव्हाण, अरुण साधू, गोविंद पानसरे, गांधी, आंबेडकर. माणूस म्हणतो, "सर, वाचन दांडगं आहे तुमचं." मी मान डोलावतो. खालच्या खणाबद्दल कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. पंच्याहत्तरीला टेकलेल्या निवृत्त मास्तरानं "मी वेताळ वाचतो" म्हणून सांगायचं म्हणजे जरा जडच जातं.

पण आज सांगणार आहे. कारण या दोन खणांमध्ये माझा एक जुना हिशोब अडकलेला होता. तो मिटवायला मला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

आमच्या पिढीला वेताळ दोन. पहिला चांदोबातला. मराठी चांदोबा 1952 साली सुरू झाला, म्हणजे मला अक्षरओळख व्हायच्या आधीच तो घराघरांत पोचला होता. खांद्यावर प्रेत टाकून निघालेला विक्रम राजा आणि त्याला गोष्ट सांगून शेवटी अवघड प्रश्न घालणारा वेताळ. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर! विचार केला तर हा वेताळ म्हणजे एक उत्तम शिक्षकच. गोष्ट संपल्यावर निवाडा कर म्हणतो. त्यातल्या न्यायाच्या प्रश्नांवर आम्ही भावंडं जेवताना भांडत असू.

दुसरा वेताळ आला 1964 साली, इंद्रजाल कॉमिक्समधून. मी तेव्हा चौदा वर्षांचा. हा प्रेतात शिरणारा वेताळ नव्हता. अंगाला घट्ट चिकटलेले कपडे, डोळ्यांवर मुखवटा, कवटीच्या आकाराची गुहा, पांढरा घोडा, पाळलेला लांडगा, आणि ठोसा मारला की गुंडाच्या जबड्यावर उमटणारी कवटीची खूण. अमेरिकेत ली फॉक नावाच्या लेखकानं 1936 साली त्याला जन्माला घातला होता. मूळच्या चित्रकथेत त्याच्या देशाचं नाव बंगालशी मिळतंजुळतं होतं, आपल्याकडच्या संपादकांनी ते बदलून 'डेंकाली' केलं. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. त्या वयात डेंकाली कऱ्हाडच्या पलीकडे, घाट उतरला की कुठंतरी असेल, असंच वाटायचं.

तर असा हा वेताळ मी स्वतः अधाशासारखा वाचलेला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यामुळे जास्तच लाजिरवाणी होते.

मी बी.ए. झालो आणि कऱ्हाडच्या परिसरात एका हायस्कुलात लागलो. मराठी आणि इतिहास शिकवायचो. नोकरीला तीन-चार वर्षं होतात न होतात तोच जून 1975 मध्ये आणीबाणी आली. जयप्रकाशजींना अटक झाली. 1972 साली ज्यांच्या शब्दावर चंबळच्या खोऱ्यातल्या दरोडेखोरांनी बंदुका खाली ठेवल्या होत्या, तो म्हातारा माणूस सरकारला धोकादायक वाटला. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. 'साधना' साप्ताहिक माझ्याकडे येत असे. सानेगुरुजींनी काढलेल्या त्या साप्ताहिकालाही सेन्सॉरचा जाच सोसावा लागला. जुने अंक मी धान्याच्या कणगीमागे लपवले होते. माझ्यासारख्या किरकोळ मास्तराच्या घरी कोण झडती घ्यायला येणार होतं! पण पंचविशीत माणसाला आपण फार महत्त्वाचे आहोत असं वाटत असतं.

त्याच वर्षी डिसेंबरात कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. मी मांडवात मागच्या बाजूला उभा होतो. केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव हजर होते आणि गाव तर त्यांचंच. अशा ठिकाणी दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाशजींना आराम पडावा म्हणून प्रार्थना करायला सगळ्यांना सांगितलं. मांडव उभा राहिला. माझ्या अंगावर काटा आला होता. पुढे दुर्गाबाईंना अटकही झाली. त्या दिवशी सायकलवरून घरी परतताना मी मनाशी म्हटलं होतं, की लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या आड येणाऱ्याला आपण कधीही क्षमा करणार नाही.

त्यानंतर महिन्याभराचीच गोष्ट. आठवी ब. मधल्या सुट्टीनंतरचा तास. मी फळ्यावर लिहीत होतो आणि मागच्या बाकावरून खसखस ऐकू आली. इतिहासाच्या पुस्तकात घालून एक पोरगा वेताळ वाचत होता. बाप मार्केट यार्डात हमाल. पोरगा प्रकट वाचनाला उभा केला की अक्षर अन् अक्षर अडखळायचा, म्हणून मी त्याला 'ढ' समजून चुकलेलो. मी ते पुस्तक त्याच्या हातातून ओढून घेतलं. तो काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "सर, भाड्याचं हाय."

त्या काळी गावात एक माणूस अशी पुस्तकं दिवसाच्या भाड्यानं द्यायचा. मला ते ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "वर्षाच्या शेवटी घेऊन जा." आणि वर वर्गाला एक छोटंसं भाषण दिलं. असल्या कचऱ्यानं बुद्धी नासते, वाचायचं तर थोरामोठ्यांची चरित्रं वाचा, वगैरे. पोरं खाली माना घालून ऐकत होती.

घरी सरकार माझी पुस्तकं नेईल म्हणून मी ती कणगीमागे लपवत होतो, आणि शाळेत मीच सरकार होतो. हे तेव्हा मला सुचलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर त्याच रात्री कंदिलाशी बसून मी तो वेताळ पहिल्यापासून शेवटापर्यंत वाचून काढला. मजा आली. वर्षाच्या शेवटी पोरगा मागायला आला नाही, मीही बोलावून दिलं नाही. नववीत त्यानं शाळा सोडली. पुस्तक माझ्याकडेच राहिलं. खालच्या खणातलं पहिलं पुस्तक ते.

पुढे त्या खणात भर पडत गेली. जप्तीतून नाही हो, विकत घेऊन! जुन्या बाजारात, रद्दीवाल्याकडे दिसलं की घ्यायचं. 2008 साली निवृत्त झाल्यावर मी ही सगळी पुस्तकं सावकाश, मास्तरासारखी वाचायला घेतली. वरच्या खणातली आणि खालच्याही. तेव्हा काही गोष्टी लक्षात आल्या, त्या मांडतो. चुकत असेन तर सोडून द्या.

पहिली गोष्ट वेताळाची. त्याला कुणी निवडून दिलेलं नाही. बापामागून मुलगा, अशी एकविसावी पिढी गादीवर. पण लोकांना वाटतं तो एकच, चारशे वर्षं जिवंत असलेला. जंगलात एक पोलीस दल आहे, त्याचा सेनापती कोण हे दलातल्या कुणालाच माहीत नाही. कार्यालयातल्या तिजोरीत हुकूम सापडतो आणि सगळे तो पाळतात. तिजोरीच्या खालून भुयार आहे आणि सेनापती वेताळच, हे फक्त वाचकाला ठाऊक. लहानपणी मला ही कल्पना फार आवडायची. आता वाचताना वाटतं, अरे, आणीबाणीत आम्ही ज्याला विरोध करत होतो ते याहून वेगळं काय होतं? कुणी दिला माहीत नाही असा हुकूम, आणि प्रश्न न विचारता तो पाळणारी माणसं. फरक इतकाच, की डेंकालीतला हुकूम देणारा नेहमी चांगला असतो. हे गृहीत धरणं हाच सगळ्या घोटाळ्याचा उगम आहे. ली फॉकलाही पुढे कुठंतरी हे टोचलं असावं. त्यानं त्या देशाला लुआगा नावाचा निवडून आलेला अध्यक्ष दिला आणि सत्ता बळकावू पाहणारा बाबाबू नावाचा जनरलही दिला. म्हणजे मुलांच्या चित्रकथेत लष्करशहाची गोष्ट आली. पण अध्यक्षाला वाचवायला शेवटी मुखवटेवालाच लागतो, हे काही सुटलं नाही.

दुसरी गोष्ट मॅन्ड्रेकची. जादूगार मॅन्ड्रेक हा वेताळाचा थोरला भाऊ, त्याच लेखकाचा, 1934 सालचा. त्याच्याबरोबर लोथार असायचा. लोथार म्हणे आफ्रिकेतला राजपुत्र. पण सुरुवातीच्या कथांत त्याच्या अंगावर चित्त्याचं कातडं, तोंडी मोडकीतोडकी भाषा आणि काम म्हणजे मालक सांगेल त्याला उचलून आपटणं. राजपुत्र असून नोकर! पुढे 1960 नंतरच्या काळात त्याला नीट कपडे मिळाले, नीट बोलता येऊ लागलं. अमेरिकेतले काळे लोक रस्त्यावर उतरले आणि चित्रकथेतल्या लोथारला सदरा मिळाला. राजकारणाच्या जाड पुस्तकात जे प्रकरणभर वाचावं लागतं, ते इथं एका सदऱ्यात दिसतं.

लोथारमुळे मला एक सवय लागली. चित्राची चौकट पाहताना मी मधल्या माणसाकडे बघत नाही, कडेला कोण उभं आहे ते बघतो. हमाल कोण, मशाल धरलेला कोण, पळणारे कोण, नुसताच 'जमाव' म्हणून काढलेले कोण. त्यांना चेहरा दिला आहे की नाही, बोलायला एखादं वाक्य दिलं आहे की नाही. मग कळतं की पुस्तक कुणाचं आहे.

ही कसोटी अमर चित्र कथांना लावून बघा. अनंत पै हा फार मोठा माणूस. इंद्रजालच्या सुरुवातीतही त्यांचा हात होता. 1967 साली अमर चित्र कथा सुरू करून त्यांनी दोन-तीन पिढ्यांना पुराण आणि इतिहास पुरवला. दिल्लीत दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची माहिती होती आणि रामाच्या आईचं नाव सांगता येईना, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा चित्रकारांनी ती चित्रं काढली. मुळीकांचा घोडा बघावा, कागदावरून उडी मारेल असा. या पुस्तकांना नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण देव आणि राजे गोरेगोमटे, असुर काळेसावळे आणि सुळेवाले, हे इतक्या मुलांच्या डोळ्यांत इतकी वर्षं गेलं, त्याचा परिणाम वर्गात मी पाहिलेला आहे. नाटक बसवताना काळ्या पोराला पोरंच राक्षसाचं काम द्यायची. मीही हरकत घ्यायचो नाही.

आता शिवाजी महाराजांचंच घ्या. चित्रकथेत अफझलखान, लाल महाल, आग्रा, राज्याभिषेक. बरोबरच आहे, चित्र काढायला हेच प्रसंग हवेत. पण महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं एक पत्र आहे, इतिहासाच्या शिक्षकाला ते पाठच असतं. त्यात ते घोडदळाला बजावतात, की गवतदाणा जपून वापरा, तो संपला आणि तुम्ही कुणब्यांच्या घरचं उचलायला लागलात तर लोकांना वाटेल यापेक्षा मोगल बरे. आणि पुढे काय लिहितात? रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गंजीला आग लागेल. उंदरानं वात नेण्यापर्यंतची काळजी करणारा राजा! दिवा, उंदीर, वात, गंजी, आणि कडेला झोपलेला कुणबी. याच्याइतकी सुंदर चौकट दुसरी कुठली असेल? चाळीस वर्षं मी चित्रकथा गोळा केल्या, माझ्या खणात तरी ती चौकट काढलेलं एकही पुस्तक नाही.

तो कुणबी मला सापडला वरच्या खणात. गोविंद पानसऱ्यांचं 'शिवाजी कोण होता?' हे छोटंसं पुस्तक 1988 साली आलं. मुळात ते भाषण. जाडीला कॉमिकपेक्षा थोडंच जास्त, एका बैठकीत संपतं. पानसरे रयतेच्या बाजूनं उभे राहून राजाकडे बघतात, इतकंच त्यांनी केलं, पण त्यानं सगळं चित्र फिरलं. त्यातली सगळी मांडणी मला पटते असं नाही. काही ठिकाणी ते वकिलासारखे आपल्याला सोयीचे तेवढे साक्षीदार उभे करतात. पण मतभेद मांडायला समोर माणूस हवा. 16 फेब्रुवारी 2015 ला कोल्हापुरात सकाळी फिरून येताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि 20 तारखेला ते गेले. एवढ्याशा पुस्तकाच्या लेखकाला. त्या आठवड्यात मी ते पुन्हा वाचलं आणि समासात पूर्वी पेन्सिलीनं काढलेली माझी प्रश्नचिन्हं मला बघवेनात. खोडली मात्र नाहीत. खोडणं त्यांनाही आवडलं नसतं.

वरच्या खणाबद्दल सांगत आहे तर बाकीचंही सांगतो. जाड पुस्तकं नेहमी शहाणी असतात असा माझा भ्रम होता. तसं नाही. पुष्कळशी राजकीय आत्मचरित्रं म्हणजे चित्रं नसलेली कॉमिक्सच असतात. मध्ये नायक, कडेला कार्यकर्ते, आणि प्रत्येक संकटात नायकाचाच ठोसा बरोबर बसलेला. यशवंतरावांचं 'कृष्णाकाठ' यातून बरंच वाचलेलं आहे. आमच्या भागातलं म्हणून म्हणत नाही. त्यातली आई, देवराष्ट्रं, गरिबीतलं शिक्षण, तुरुंगात भेटलेली माणसं, हे सगळं खरं उतरलं आहे. कडेच्या माणसांना तिथं चेहरे आहेत. पण पुस्तक 1946 सालाशी थांबतं. पुढचे भाग लिहायचं त्यांच्या मनात होतं, ते राहून गेलं. 1984 सालीच पुस्तक आलं आणि त्याच वर्षी ते गेले. संमेलनाच्या मांडवात त्या दिवशी त्यांच्या मनात काय चाललं होतं, हे मला वाचायचं होतं. ते पान लिहिलंच गेलं नाही. आपल्याला जिथं प्रश्न विचारायचा असतो नेमकं तिथंच पुढाऱ्याचं आत्मचरित्र संपतं, हा माझा अनुभव.

अरुण साधूंचं 'सिंहासन' मला आत्मचरित्रांपेक्षा खरं वाटतं, कादंबरी असून. भराभर बदलणारे प्रसंग, चौकटीमागून चौकट. त्यावर 1979 साली सिनेमा निघाला तो उगीच नाही. आणि कुरुंदकर. 'शिवरात्र', 'जागर' वाचताना ते विरोधकाची बाजू इतकी नीट मांडतात, की दोन पानं आपण त्या बाजूचे होतो. मग ते एकेक वीट काढायला लागतात. चांदोबातल्या वेताळाचं शिक्षण हेच. गोष्ट पुरी सांगायची आणि मग म्हणायचं, आता तू निवाडा कर.

एवढं सगळं वाचून दोन्ही खण आपले पुरते समजले अशा समजुतीत मी होतो. मग काही वर्षांपूर्वी नातीनं पुण्याहून एक पुस्तक आणलं. 'भीमायन'. 2011 साली निघालेलं, बाबासाहेबांवरचं, इंग्रजीतलं. माझं शिक्षण मराठीतून, त्यामुळे इंग्रजी मी डिक्शनरी शेजारी ठेवून वाचतो. पण हे पुस्तक बघायचंच जास्त. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेलं. मी चौकटीच्या कडा बघणारा माणूस, आणि या पुस्तकात चौकटीच नाहीत! आमची माणसं आम्ही डब्यात कोंडणार नाही, असं त्या दोघांचं म्हणणं. आगगाडी सापासारखी पानभर पसरते. मायेनं बोललेले शब्द पक्ष्याच्या आकारात येतात आणि विखारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. काही समजावून सांगावं लागत नाही. कोण काय बोललं हे वाचायच्या आधी डंख जाणवतो.

पुस्तकाचा पहिला भाग पाण्याचा. बाबासाहेबांच्याच आठवणींवरून घेतलेला. 1901 साल. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार. सुट्टीत त्यांच्याकडे जायचं म्हणून नऊ-दहा वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून नवे कपडे घालून रेल्वेनं निघाली. स्टेशनवर उतरली तर न्यायला कुणी नाही, पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. मुलं चांगल्या कपड्यातली, म्हणून स्टेशन मास्तरनं आस्थेनं चौकशी केली. जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. गाडीवान गाडीत घेईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्याला तयार झाला, तेही बैल मुलांनी हाकायचे आणि तो चालणार, या अटीवर. बरोबर डबा होता, पण वाटेत प्यायला पाणी कुणी दिलं नाही. मुलं रात्रभर उपाशी राहिली.

ते स्टेशन मसूर.

मसूर माझ्या घरापासून फार लांब नाही. नोकरीच्या काळात त्या फलाटावर पॅसेंजरची वाट बघत मी किती तास काढले असतील त्याला गणती नाही. तिथल्या नळाचं पाणी प्यालो आहे, बाकावर बसून वह्या तपासल्या आहेत. छत्तीस वर्षं इतिहास शिकवला. पानिपत शिकवलं, फ्रेंच राज्यक्रांती शिकवली, महाडचा सत्याग्रह 1927 म्हणून फळ्यावर लिहिला. पण या फलाटावर काय झालं होतं हे मला माहीत नव्हतं. बाबासाहेबांचं ते लिखाण 1990 पासून छापील मिळतं. वरच्या खणात त्यांचे ग्रंथ होते आणि हे मी त्यातून शोधून वाचलं नव्हतं. मला ते कळलं चित्रांच्या पुस्तकातून. ज्याला मी भर वर्गात कचरा म्हटलं होतं त्या जातीच्या पुस्तकातून.

त्या रात्री झोप लागली नाही. आणि का कोण जाणे, मला आठवी ब मधला तो पोरगा आठवला. "सर, भाड्याचं हाय."

त्यात 2022 च्या जानेवारीत एक बातमी वाचली. 'माउस' नावाची एक जगप्रसिद्ध चित्रकथा आहे. आर्ट स्पीगेलमन यांनी आपल्या ज्यू वडिलांची छळछावणीतली कहाणी तीत सांगितली आहे, ज्यू उंदीर आणि नाझी मांजरं काढून. 1992 साली तिला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या एका शाळामंडळानं ती अभ्यासक्रमातून काढून टाकली. कारण काय, तर काही अपशब्द आणि एक उघडं चित्र. साठ लाख माणसं मारली गेली त्या गोष्टीत यांना अपशब्द दिसले. मी तावातावानं बायकोला बातमी वाचून दाखवली. ती भाजी निवडत म्हणाली, "तुम्हीसुद्धा घेतलं होतंतच की एका पोराचं." तिला मी हे कधीतरी सांगितलेलं, मला आठवतही नव्हतं. बायका विसरत नाहीत.

मग मात्र मी त्याला शोधून काढला. फार अवघड गेलं नाही, गाव लहान आहे. कऱ्हाडच्या बाजारपेठेत त्याचं पिठाच्या गिरणीचं दुकान आहे. आता तोही साठीचा. मला बघून उठून उभा राहिला, हात पुसून पाया पडला. "बसा सर." मी पिशवीतून फडकं सोडून पुस्तक काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. म्हटलं, "हे तुझं. वर्षाच्या शेवटी देतो म्हणालो होतो."

त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं. ओळख पटायला थोडा वेळ लागला. मग हसला. म्हणाला, "याची पुरी किंमत भरली सर मी. रविवारी-रविवारी त्याच्या दुकानात झाडलोट करून फेडली." रागानं नाही, हिशोब सांगावा तसा म्हणाला. मी पैसे देऊ केले ते त्यानं घेतले नाहीत. मी म्हटलं, नातवाला दे. तर म्हणे, "नातू इंग्लिश मिडियमला. त्याला मराठी अडखळत येतं."

"तुलाही अडखळतच यायचं," मी म्हटलं. माझी मास्तरकी काही जात नाही.

"वर्गात यायचं सर. हे वाचताना नव्हतं येत." मग जरा थांबून त्यानं मलाच विचारलं, "शेवट काय होतो हो? माझी चार-पाच पानं राहिली होती."

मला शेवट माहीत होता. अठ्ठेचाळीस वर्षं माहीत होता. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं हात वर केला. "राहू द्या, वाचतो." गिरणी बंद केली, चष्मा शर्टाला पुसला आणि पिठाच्या डब्यावर बसून तो शेवटची पानं वाचायला लागला. ओठ हलत होते, पण कुठं अडला नाही. दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली, त्यांनाही त्यानं थांबवून ठेवलं. मीही स्टुलावर गप्प बसून राहिलो.